पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असता दुसऱ्याचा निर्णय कसा घ्यावा?

बारामती–नीरा मार्गावरील वडगाव निंबाळकर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांमधील एखाद्या घरात सुनेला दुसऱ्या खेपेस दिवस गेले, आणि पहिले बाळंतपण सिझेरियन शस्त्रक्रियेने झालेले असले, म्हणजे सातव्या महिन्याच्या सुमारास एक प्रश्न हमखास निघतो. या वेळी पुन्हा सिझेरियनच करायचे, की कळा येण्याची वाट पाहायची? त्यावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. एक असे, की एकदा सिझर झाले म्हणजे पुढचेही सिझरच. दुसरे असे, की हा सारा डॉक्टरांचा पैशाचा खेळ आहे. पूर्वी बायका घरीच बाळंत होत होत्या. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्या उत्तरामुळे अनेक मातांवर गरज नसताना दुसरी शस्त्रक्रिया होते. दुसऱ्यामुळे एखाद्या मातेच्या व बाळाच्या जिवावर बेतू शकते.

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये भारतात शंभरातील ८.५ प्रसूती सिझेरियनने होत असत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २१.५ झाले. महाराष्ट्रात ते २०१५-१६ मधील २०.१ वरून २५.४ वर गेले, म्हणजे दर चार बाळंतपणांमागे एक. देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. आज ज्या तरुण मातेचे पहिले सिझेरियन झाले आहे, तिच्यापुढे दोन-तीन वर्षांत हा प्रश्न उभा राहणारच आहे. म्हणून वाचकांपुढे त्याची शांतपणे मांडणी करावी, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. या दोन वाटांपैकी कोणतीही एक सर्व मातांसाठी चांगली आणि दुसरी वाईट, असे नाही. निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून असतो. मागील वेळी गर्भाशयावर छेद कोठे व कशासाठी घेतला? कोणत्याही वेळी शस्त्रक्रिया करता येईल असे रुग्णालय घरापासून किती दूर आहे? आणि या पतिपत्नींना पुढे आणखी मुले हवी आहेत काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी मिळू शकतात. म्हणून निर्णयही आधीच व्हावयास हवा.

जुना समज कोठून आला?

"एकदा सिझेरियन म्हणजे नेहमी सिझेरियन" या वाक्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली ते लिहिले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत असत. प्रसूतीच्या कळांमध्ये हाच भाग सर्वांत जोराने आकुंचन पावतो, त्यामुळे तेथील जुना व्रण उसवण्याची भीती मोठी होती. क्रेगिन यांचा खरा रोख वेगळाच होता. पहिले सिझेरियन उगाच करू नका, कारण त्याची किंमत पुढच्या प्रत्येक बाळंतपणात मोजावी लागते, असे त्यांना डॉक्टरांना बजावावयाचे होते. या नियमाला अपवाद असतात, हेही त्यांनी त्याच लेखात नमूद केले होते.

पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. हा व्रण अधिक भक्कमपणे भरून येतो आणि कळांचा ताण त्यावर कमी पडतो. आज बहुतेक सर्व सिझेरियन शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. छेदाची जागा बदलली. लोकांच्या मनातील नियम मात्र जुनाच राहिला.

अमेरिकेत या प्रश्नाचा लंबक दोन्ही टोकांना जाऊन आला. १९९६ साली तेथे पूर्वी सिझेरियन झालेल्या शंभर मातांपैकी सुमारे २८ जणी योनिमार्गाने प्रसूत होत होत्या. त्यानंतर गर्भाशय फाटण्याच्या घटना आणि न्यायालयीन दावे पुढे आले. अशा प्रसूतीच्या वेळी शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ तत्काळ उपलब्ध असलेच पाहिजेत, अशी अट १९९९ मध्ये तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने घातली. लहान रुग्णालयांना ती पाळणे शक्य नव्हते. दहा वर्षांच्या आत ते प्रमाण दहाच्याही खाली आले. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली. एक आडवा छेद असलेल्या बहुतेक मातांसाठी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न हा वाजवी पर्याय आहे, असा निर्वाळा त्या परिषदेने दिला. यातून आपण एवढेच घ्यावे, की या निर्णयात मातेच्या शरीराइतकेच महत्त्व रुग्णालयात त्या घटकेस कोण हजर आहे याला असते.

दोन्ही वाटांचा हिशेब

मागील छेद आडवा असून अन्य अडचण नसेल, तर डॉक्टर कळांची वाट पाहण्यास संमती देऊ शकतात. दवाखान्यात याला "ट्रायल देणे" असे म्हणतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार असा प्रयत्न करणाऱ्या शंभर मातांपैकी ७२ ते ७५ जणींची प्रसूती योनिमार्गाने होते. सिझेरियनच्या आधी किंवा नंतर जिची एखादी प्रसूती नैसर्गिक झाली असेल, तिच्या बाबतीत हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते.

अशा प्रसूतीचे लाभ उघड आहेत. पोटावर पुन्हा छेद नाही, रुग्णालयातील मुक्काम कमी, घरकामास व थोरल्या मुलाला उचलून घेण्यास लवकर मोकळीक. बाळाला जन्मानंतर धाप लागण्याचा त्रासही कमी होतो. सर्वांत मोठा लाभ पुढच्या गरोदरपणात दिसतो, त्याविषयी खाली लिहीत आहोत.

धोका कोणता? जुना व्रण कळांच्या ताणाने उसवून गर्भाशय फाटणे, हा. वरील मार्गदर्शनानुसार ट्रायल घेणाऱ्या दर २०० मातांमागे सुमारे एकीच्या बाबतीत असे होते. हा आकडा लहान आहे. परंतु ज्या घरात ही घटना घडते, तेथे काही मिनिटांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बाळ दगावू शकते, मातेला प्रचंड रक्तस्राव होतो, कधी गर्भाशय काढून टाकावे लागते. शिवाय शंभरातील ज्या २५ ते २८ जणींची ट्रायल यशस्वी होत नाही, त्यांचे सिझेरियन कळा सोसून झाल्यावर, घाईत होते. त्यात जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांची शक्यता ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा अधिक असते. म्हणून ट्रायल यशस्वी होण्याची आशा किती, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये गर्भाशय फाटण्याचा धोका जवळजवळ टळतो, आणि बाळाच्या दृष्टीने ती वाट किंचित अधिक सुरक्षित ठरते. पण तिचाही हिशेब आहे. ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल, जखम भरणे, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे, मूत्राशयाला इजा होणे, आतील अवयव एकमेकांस चिकटणे, या शक्यता तिच्यासोबत येतात. बाळाला जन्मानंतर धाप लागण्याचे प्रमाण शंभरात ४ ते ५ असते, तर नैसर्गिक प्रसूतीत २ ते ३.

हे आकडे सुसज्ज रुग्णालयांतील आहेत, हे वाचकांनी विसरू नये. जेथे रात्री शस्त्रक्रियागृह उघडण्यास तासभर लागतो, तेथे "दोनशेत एक" या शब्दांचा अर्थ बदलतो.

जुने कागद शोधा

पहिल्या वेळी छेद कोठे घेतला हे पोटावरील व्रण पाहून सांगता येत नाही. कातडीवरचा छेद आडवा असला तरी आत गर्भाशयावरचा उभा असू शकतो, आणि याच्या उलटही. ते फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहिलेले असते.

येथे आपल्याकडील रीत आड येते. पहिले बाळंतपण माहेरी होते, दुसरे बहुधा सासरी. माहेर सातारा, फलटण किंवा सोलापूरकडचे असेल, तर रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेले डिस्चार्ज कार्ड माहेरच्या ट्रंकेतच राहते. सोमेश्वर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीसाठी येणाऱ्या भगिनींचे कागद तर दूरच्या गावी असतात. मग नव्या डॉक्टरांसमोर ती माता बसते तेव्हा तिला एवढेच सांगता येते, की "पाणी कमी झाले होते" किंवा "बाळ फिरले होते". एवढ्या माहितीवर कोणताही जबाबदार डॉक्टर ट्रायल देण्यास कचरणार.

म्हणून गरोदरपणाची खात्री होताच पहिले काम हे करावे. जुने डिस्चार्ज कार्ड मिळवावे. ते हरवले असल्यास त्या रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागावी. तीत चार गोष्टी पाहाव्यात : सिझेरियन कोणत्या कारणाने केले, गर्भाशयावरील छेद कोणता होता, छेद आणखी वाढवावा लागला होता काय, आणि नंतर ताप किंवा जंतुसंसर्ग झाला होता काय. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून पतीकडे व आशा सेविकेकडे ठेवल्यास ऐन वेळी धावाधाव होत नाही.

कारणाला एवढे महत्त्व का? मागील वेळी बाळ पायाळू होते म्हणून सिझेरियन झाले असेल, आणि या वेळी बाळाचे डोके खाली असेल, तर अडचण तेव्हाचीच होती. यशाची आशा चांगली असते. गर्भाशयाचे तोंड पूर्ण न उघडल्यामुळे किंवा बाळ खाली न सरकल्यामुळे सिझेरियन झाले असेल, तर आशा काहीशी कमी होते. अशक्य मात्र होत नाही. मातेचे वजन फार असणे, बाळ चार किलोंहून मोठे असण्याची शक्यता, मातेचे अधिक वय यांमुळेही ती घटते. दोन प्रसूतींमध्ये १८ महिन्यांहून कमी अंतर असल्यास व्रण उसवण्याचा धोका वाढतो. गर्भाशयावर उभा छेद असेल, गर्भाशय पूर्वी फाटलेले असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, तर मात्र चर्चेला जागा नाही. ठरवून सिझेरियन हीच सुरक्षित वाट. दोन सिझेरियन झालेल्या मातांच्या बाबतीतही बहुतेक डॉक्टर तिसरे सिझेरियनच सुचवितात.

वडगावपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी, लस, लोहाच्या गोळ्या हे सारे उत्तम मिळते आणि साधी प्रसूतीही होते. पण तेथे सिझेरियन होत नाही. म्हणून जिचे पूर्वी सिझेरियन झाले आहे, तिने प्रसूतीसाठी घर किंवा प्राथमिक केंद्र हा विचारच करू नये. तिची प्रसूती, मग ती कोणत्याही प्रकारे होवो, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. वडगाव निंबाळकरच्या लोकांसाठी याचा अर्थ बहुधा बारामती असा होतो. तेथे सरकारी उपजिल्हा रुग्णालय व महिला रुग्णालय आहे, २०१९ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खाजगी प्रसूतिगृहेही आहेत. इंदापूरकडील कुटुंबांना इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते.

मात्र रुग्णालयाच्या पाटीवरून निर्णय करू नये. ट्रायलचा विचार असेल तर सातव्या महिन्यातच तेथे जाऊन स्पष्ट विचारावे. रात्री दोन वाजता सिझेरियनची गरज पडली तर स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ रुग्णालयात असतात की घरून बोलवावे लागतात? रक्त कोठून येते, किती वेळात? कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके सतत पाहण्याचे यंत्र आहे काय? नवजात बाळाचे डॉक्टर हजर असतात काय? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. "आमच्याकडे रात्री ही सोय नाही, म्हणून आम्ही ट्रायल देत नाही," असे कोणी सांगितले तर ते प्रामाणिक उत्तर आहे. त्याला पैशाचा खेळ म्हणू नये.

मग रस्त्याचा विचार करावा. गळीत हंगामात या मार्गावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या असतात. उन्हाळ्यात वीस-तीस मिनिटांत संपणारी वाट जानेवारीत तेवढ्याच वेळात संपेल, असे धरून चालू नये. प्रसूतीची तारीख हंगामात येत असेल, तर शेवटच्या दोन आठवड्यांत बारामतीत एखाद्या नातेवाइकाकडे राहण्याची सोय पाहावी. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, आणि गरोदर मातांसाठी १०२ हा क्रमांक आहे. तरीही गावातील एका खाजगी गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवणे शहाणपणाचे.

कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, की ताबडतोब निघावे. "अजून कळा लांब आहेत" म्हणून घरी थांबू नये. दोन कळांच्या मधल्या वेळातही पोटात सतत दुखणे, जुन्या व्रणाच्या जागी तीव्र वेदना, अंगावरून रक्त जाणे, लघवीत रक्त दिसणे, जोरात येत असलेल्या कळा एकाएकी थांबणे, बाळाची हालचाल मंदावणे, भोवळ येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. कळा वाढविण्याचे इंजेक्शन किंवा गोळी गावात कोणाकडूनही घेऊ नये. कळा औषधाने आणल्यास वा वाढविल्यास व्रण उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. हे औषध फक्त मोठ्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावयाचे असते, आणि मिसोप्रोस्टॉल ही गोळी तर अशा मातेला कळा आणण्यासाठी देऊच नये, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे.

तारीख ठरविताना

सिझेरियनचाच निर्णय झाला, तर अन्य वैद्यकीय कारण नसल्यास ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया करू नये, असे मार्गदर्शन आहे. त्यापूर्वी बाळाची फुप्फुसे पुरेशी तयार नसतात आणि श्वसनाचा त्रास वाढतो. पाहुण्यांची सोय, मामाची सुट्टी, शुभ वार किंवा एखाद्या सणाचा दिवस साधण्यासाठी तारीख आठ-दहा दिवस अलीकडे घेण्याचा मोह कुटुंबांना होतो. आजोबांच्या वाढदिवशी जन्मलेले बाळ नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले, तर त्या वाढदिवसाचा आनंद कोणाला? ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर काय करायचे, हेही डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून घ्यावे.

पुढील मुलांचा विचार

प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढील गरोदरपणातील एक धोका वाढत जातो. वार जुन्या व्रणावर रुजते आणि गर्भाशयाच्या भिंतीत घट्ट शिरते. प्रसूतीनंतर ती सुटत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक मातांच्या नोंदींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वार खाली आलेल्या मातांपैकी दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी शंभरात ११ जणींच्या, तिसऱ्याच्या वेळी ४० जणींच्या, तर चौथ्याच्या वेळी ६१ जणींच्या बाबतीत वार अशी रुतलेली आढळली. म्हणून ज्या जोडप्याला तीन-चार मुलांची इच्छा आहे, त्यांनी दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा विचार अधिक गांभीर्याने करावा. ज्यांचे कुटुंब दोन मुलांवर पूर्ण होणार आहे, त्यांच्या हिशेबात या धोक्याचे वजन कमी भरेल.

याच ठिकाणी हा विषय आपल्या श्रद्धेला स्पर्श करतो. आपल्याकडे दुसरे सिझेरियन पत्करण्याचे एक कारण उघडपणे सांगितले जाते : पोट उघडतेच आहे, तर "ऑपरेशन"ही त्याच वेळी उरकून घेऊ. केवळ पुढील गर्भधारणा टाळण्यासाठी केलेली नसबंदी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीस मान्य नाही, हे पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या "हुमाने व्हिटे" या परिपत्रकात स्पष्ट आहे. वारंवारच्या सिझेरियनने दुर्बल झालेल्या गर्भाशयाचा प्रश्न १९९३ साली व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांतविषयक मंडळापुढे आला. शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयाला अशी इजा झाली, की रक्तस्राव थांबत नाही व मातेच्या जिवाला धोका आहे, तर ते काढून टाकणे योग्य आहे. पुढे कधी गर्भ राहिला तर धोका होईल एवढ्याच कारणाने ते काढणे किंवा नलिका बांधणे योग्य नाही, असे उत्तर मंडळाने दिले. ज्या गर्भाशयात बाळ जगण्याच्या अवस्थेपर्यंत वाढूच शकणार नाही अशी तज्ज्ञांची खात्री झाली आहे, ते काढण्यास २०१८ साली याच मंडळाने हरकत घेतली नाही.

याचा अर्थ मातेने प्रत्येक धोका डोळे मिटून पत्करावा, असा मुळीच नाही. जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांना सांगितले होते, की सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर असलेल्या एका स्त्रीला त्यांनी समज दिली. आपल्या मुलांना पोरके करावयाचे आहे काय, असे तिला विचारले. जबाबदार पालकत्व हे ख्रिस्ती विवाहाचे कर्तव्य आहे, असे ते म्हणाले. निसर्गाने ठरविलेल्या दिवसांचा अभ्यास करून गर्भधारणेत अंतर ठेवणे ख्रिस्तसभेला मान्य आहे, आणि सिझेरियननंतर व्रण भरून येण्यासाठी असे अंतर आवश्यकही आहे. हा विषय पतिपत्नींनी आपले डॉक्टर आणि आपले धर्मगुरू यांच्याशी बाळंतपणाच्या आधी बोलावा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुढे केलेल्या कागदावर सही करताना तो विचार करण्यास वेळ नसतो.

निर्णय कोणाचा?

सासूबाईंचा अनुभव मोलाचा असतो, पतीची काळजी खरी असते, आणि खर्चाचा विचारही टाळता येत नाही. तरी छेद जिच्या शरीरावर होणार आणि कळा जिला सोसाव्या लागणार, तिचे म्हणणे प्रथम ऐकावे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिच्या स्वतःचीच हवी. तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग सोडल्यास नातेवाइकांची संमती तिच्या जागी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात सांगितले आहे. ती संमतीही धोके आणि पर्याय समजावून दिल्यानंतरची हवी.

आपल्या समाजात अजून एक बोल ऐकू येतो : जिला कळा सोसवत नाहीत, ती कसली आई! हे बोलणे क्रूर आहे आणि त्याला धर्माचा आधार नाही. ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी प्रसूतीच्या वेदना कमी करण्यात धर्माच्या दृष्टीने काही गैर नाही, असे स्पष्ट केले होते. काही जण संत जियाना बेरेत्ता मोला यांचे उदाहरण देतात. गर्भारपणात गर्भाशयाला गाठ झाली असता, बाळाचे प्राण जपणारा उपचार या डॉक्टर मातेने निवडला. २१ एप्रिल १९६२ रोजी सिझेरियननेच तिला कन्या झाली, आणि आठवडाभरात जंतुसंसर्गाने ती निवर्तली. तिचा त्याग वंदनीय आहे. पण आपल्यापुढील प्रश्न तसा नाही. येथे आईचे हित एका पारड्यात आणि बाळाचे दुसऱ्यात, असा पेच क्वचितच असतो. सुरक्षित आई हेच बाळाचे पहिले संरक्षण होय. सिझेरियन निवडणारी माता कमी धैर्याची नसते, आणि ट्रायल निवडणारी हट्टी नसते.

आता काय करावे?

ज्या घरात असे बाळंतपण अपेक्षित आहे, त्यांनी पुढील क्रम ठेवावा. तिसऱ्या महिन्यापर्यंत जुने कागद मिळवावेत आणि माता-बाल संरक्षण कार्डावर "पूर्वी सिझेरियन" अशी नोंद करून घ्यावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशी जाऊन जोखमीच्या मातेसाठीचा लाल स्टिकर कार्डावर लावून घ्यावा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कोठे आहे हे विचारावे. ती खाली किंवा व्रणाजवळ असल्यास आठव्या महिन्यात पुन्हा पाहावे. हिमोग्लोबिन कमी असल्यास ते आधीच भरून काढावे, कारण रक्त दोन्ही वाटांवर लागू शकते. सातव्या महिन्यात रुग्णालय पाहून प्रश्न विचारावेत. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पतिपत्नींनी डॉक्टरांसमवेत निर्णय करून तो कार्डावर लिहून घ्यावा.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील आहार आणि ने-आण हे सारे मोफत मिळण्याचा प्रत्येक मातेला हक्क आहे.

आणि निर्णय एकदा झाला, तरी तो बदलावा लागला तर खंत करू नये. ट्रायलसाठी गेलेल्या मातेला डॉक्टरांनी मध्येच शस्त्रक्रिया सुचविली, तर "पण आमचे नॉर्मल ठरले होते" म्हणून नातेवाइकांनी दारात वाद घालू नये. बाळाचे ठोके मंदावले असता त्या वादातला एकेक मिनिट बाळाच्या वाट्याचा असतो. आधी सारे विचारून, समजून घेतलेले कुटुंब अशा वेळी डॉक्टरांवर विश्वास टाकू शकते. ही पूर्वतयारी कोणत्याही घराला करता येईल, आणि तीसाठी आठ महिने हाताशी असतात.